कमानीच्या पायाचा पिवळा दोरा

बोलताना मला कोणाच्या तोंडाकडे बघता येत नाही. नजर आपोआप खाली जाते. म्हणून त्या दिवशी उल्हासनगरच्या दुकानात सगळ्यांनी कमानीची फुलं बघितली आणि मला तिचा पाय दिसला.

आम्ही तिघी गेलो होतो. मी, माझी मुलगी आणि अंबरनाथहून आलेल्या होणाऱ्या विहीणबाई. लग्न बदलापूरच्या हॉलमध्ये ठरलं होतं. जेवण, खुर्च्या, माईक हॉलवालाच देणार होता. पण नवरा-नवरी ज्या कमानीखाली उभी राहणार ती दोन्ही घरांनी मिळून पसंत करायची, असं विहीणबाईंचं म्हणणं होतं. दुकानही त्यांनीच शोधलेलं. गोदामासारखी लांब जागा, भिंतीला टेकवून ठेवलेल्या कमानी, त्यांच्यावर प्लास्टिक. दाराजवळ टेबलपंख्यासमोर मालकीणबाई बसलेल्या. त्या सिंधी, पण सगळ्यांशी हिंदीत बोलत होत्या.

"भाभी, ये गोलवाला देखो. आजकल सब यही लेते हैं. फोटो में एकदम मस्त आता है."

"कोणाच्या लग्नात वापरलेली नाही ना?" विहीणबाईंनी विचारलं.

"एकदम नया माल. एक बार भी बाहर नहीं गया."

कमान खरंच छान होती. गोल कडं, त्यावर पांढरी आणि अबोली रंगाची कापडी फुलं. मुलगी तिच्या आत उभी राहून बघत होती. आणि मला खाली लोखंडी नळीला गुंडाळलेला दोरा दिसला. हळदीचा पिवळा दोरा, पाच वेढे, आणि त्यात खोचलेलं आंब्याचं वाळकं पान.

बाहेर न गेलेल्या कमानीला हळदीचा दोरा कुठून येणार?

मी मान वर केली तर विहीणबाई माझ्याकडेच बघत होत्या. मग त्यांनीही खाली बघितलं. आत्तापर्यंत 'हीच घेऊ' म्हणणाऱ्या बाई एकदम म्हणाल्या, "राहू दे. नंतर बघू. मला घरी काम आहे."

मुलगी म्हणाली, "अहो, पण तुम्हालाच आवडली होती ना?"

"आवडलं म्हणजे लगेच घ्यायचं असतं का गं?" त्या हसल्या. पण ते हसणं मला खरं वाटलं नाही. परत येताना रिक्षात त्या रस्ताभर बाहेर बघत होत्या. माझ्या मनात एकच आलं. यांना कळलंय.

काय कळलंय ते इथे लिहिते. हे मी माझ्यासाठीच लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या याच मुलीचं लग्न ठरलं होतं. बदलापूरजवळ खरवईला आमच्या घरापुढच्या अंगणात मांडव घालायचा होता. आमच्याकडे आधी मुहूर्तमेढ रोवतात. एक खांब, त्याला उंबराची फांदी, आंब्याची डहाळी, हळकुंड-सुपारी आणि हळदीचा दोरा. पाच सवाष्णींनी त्याची पूजा केली. लग्न झाल्यावर मुलगी-जावई माहेरी येतात, तेव्हा मांडव परततात, म्हणजे तो खांब विधीने काढतात. त्याआधी त्याला कोणी हात लावत नाही. मेढ रोवल्यावर चौथ्या दिवशी मुलाकडचा फोन आला की मुलाची इच्छा नाही. त्याचं दुसरीकडे जमलेलं होतं.

लग्न मोडलं, पण मेढ उभीच राहिली. ती काढायची कोणी? जोडपं तर आलंच नाही. भटजींना विचारायची कोणाची छाती झाली नाही. उंबराची पानं वाळली, गळून अंगणात उडायला लागली. येणारे-जाणारे बघायचे आणि काही न बोलता पुढे जायचे. शेवटी एका दुपारी घरात कोणी नसताना मीच कुदळ घेतली आणि तो खांब उपटला. सवाष्ण बाईने एकटीने मांडव उपटला असं आमच्याकडे कोणी ऐकलं नसेल.

आणखी एक गोष्ट. त्या मुलाविषयी मला साखरपुड्यातच शंका आली होती. फोन वाजला की तो उलटा करून ठेवायचा आणि उठून बाहेर जायचा. मी कोणाला बोलले नाही. मला वाटलं, आपल्याला काय कळतं? सगळं संपल्यावर मी ते मुलीला सांगितलं. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

आता हे दुसरं स्थळ आलं तेव्हा तिच्या वडिलांनी घरात सगळ्यांना बजावलं, "झालं ते झालं. कोणी विचारलं नाही तर सांगायचं नाही." मांडव अंगणात न घालता हॉल घेतला तो त्यासाठीच. मी गप्प राहिले. पण अंबरनाथहून कोणी आलं की माझं लक्ष त्यांच्या पावलांकडे जायचं, ती अंगणातल्या त्या बुजवलेल्या खड्ड्यापाशी थबकतात का म्हणून.

दुकानातून आल्यावर संध्याकाळी हे एमआयडीसीतून आले, तेव्हा मी दोऱ्याचं सांगितलं. म्हटलं, ती कमान कुठल्यातरी मोडलेल्या लग्नातली आहे. मांडव परतल्याशिवाय आणलेली. आणि विहीणबाईंना आपलंही कळलं आहे.

"एका दोऱ्यावरून तू पोरीचं लग्न मोडणार आहेस का?" ते वैतागून म्हणाले. "डेकोरेशनवाल्याकडे शंभर लग्नांचा माल असतो. उद्या खुर्च्यांवर कोण बसलं होतं तेही विचारशील."

ते आंघोळीला गेल्यावर मुलगी माझ्याजवळ येऊन बसली.

"आई, त्या वेळी तुला जे वाटलं ते तू मला नंतर सांगितलंस. आता आधी सांगतेयस ना, मग अर्धवट सोडू नकोस. जाऊन विचार."

"कोणाला?"

"दुकानवालीला. आणि वाटलं तर माझ्या सासूबाईंनाही."

ती हे एवढं सहज कसं म्हणाली, याचीही मला शंकाच आली.

दोन दिवसांनी विहीणबाईंचा फोन आला. "कमानीचं काय ते ठरवून टाकू. उद्या दुपारी आपण दोघीच जाऊ. मुलीला आणू नका."

मुलीला आणू नका! नाही म्हणायचं असलं की माणसं मुलीला बाजूला ठेवतात. पहिल्या वेळेलाही असंच झालं होतं, फोन मुलीच्या वडिलांना आला होता. घरात मी एवढंच सांगितलं की कमान बघायला जातेय.

दुकानात शिरल्यावर विहीणबाई दुसरं काही न बघता सरळ त्या गोल कमानीपाशी गेल्या आणि वाकल्या. दोऱ्याला त्यांनी बोट लावलं नाही, नुसता बघितला. आता त्या काहीतरी बोलणार असं मला वाटलं. त्या बोलायच्या आत मीच मालकीणबाईंना विचारलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"ये धागा किसकी शादी का है?"

"किसी की शादी का नहीं, भाभी. मैंने बांधा है."

"तुमने?"

"हां. आपके मराठी लोग आते हैं, शादी के दिन सब घबराहट में. किसी को धागा नहीं मिलता, किसी को पत्ता नहीं मिलता. तो मैंने सोचा, हम ही बांध के रख देते हैं. कस्टमर खुश."

माझा विश्वास बसला नाही. ऐन वेळी रचून सांगितल्यासारखंच ते होतं. मी शेजारच्या कमानीवरचं प्लास्टिक उचललं. तिच्या पायालाही पिवळा दोरा, पाच वेढे, पान. पलीकडची मोरांची कमान, तिलाही. मी एकेक प्लास्टिक उचलत गेले. मला कोणी थांबवलं नाही. शेवटी कोपऱ्यात लहान मुलांच्या वाढदिवसाची कमान होती, वर फुगे आणि कापडी अस्वल. त्या अस्वलाच्या खालीही हळदीचा दोरा!

"अहो, हे काय?" विहीणबाई म्हणाल्या. "अस्वलाचं लग्न लावताय का?"

मालकीणबाई जरा ओशाळल्या. "एक दिन बैठी तो सबको बांध दिया. हल्दी घोली थी, बच गई थी."

विहीणबाई हसायला लागल्या. हसता हसता भिंतीशी ठेवलेल्या स्टुलावर बसल्या. डोळे पुसले आणि हळूच म्हणाल्या, "आणि मला वाटलं, तुमचाच आहे."

माझ्या हातात अजून अस्वलाच्या कमानीचं प्लास्टिक होतं.

"आमचा म्हणजे?"

"तुमच्या त्या लग्नातला. म्हटलं, तुम्ही तेव्हा ठरवलेली कमान याच दुकानातली असेल, आणि दोरा बघून तुमचा चेहरा उतरला."

"आम्ही कमान घेतली नव्हती," मी म्हणाले. "अंगणात मेढ रोवली होती."

एवढं बोलले आणि लक्षात आलं की सगळं बाहेर पडलंय. आता अर्धं ठेवून काय उपयोग होता? मी सगळं सांगितलं. फोन कधी आला, पानं कशी वाळली, मी कुदळ कशी घेतली. मालकीणबाईंना मराठी किती कळलं माहीत नाही, पण त्यांनी पंखा माझ्याकडे वळवला.

विहीणबाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं. तुमच्या मुलीने दुसऱ्या भेटीतच माझ्या मुलाला सांगितलं. त्याने मला सांगितलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. दर वेळी चहा पिऊन निघताना वाटायचं, आज सांगतील. तुम्ही लाडू द्यायचात, सांगत नव्हता. माझी जाऊ म्हणते, एवढं झाकतायत म्हणजे आणखी काही असेल. मुलीत काही असेल. ऐकून ऐकून माझंही डोकं फिरलं." त्यांनी पदर सारखा केला. "आज दोरा तुमचा निघाला असता आणि तुम्ही गप्प राहिला असता, तर मी घरी जाऊन नाही म्हटलं असतं. म्हणूनच मुलीला आणू नका म्हटलं."

म्हणजे माझी शंका खोटी नव्हती. लग्न खरंच या दुकानात लटकलेलं होतं.

"आणखी काही आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. मग कशी कोण जाणे, मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "तुमचं काही आहे का?"

बाहेर रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. त्या आवाजात मी त्यांच्या तोंडावरची एकेक रेघ बघून घेतली.

"मुलाची नोकरी कायम नाही," त्या म्हणाल्या. "कंत्राटावर आहे. दर वर्षी नवं पत्र मिळतं. त्याच्या वडिलांनी ते झाकून ठेवायला लावलं. म्हणाले, विचारलं नाही तर सांगायचं नाही."

आमच्या घरातलंच वाक्य! पण मला हसू आलं नाही.

"तुम्ही आता घरी काय सांगणार?" त्यांनी विचारलं. आत्तापर्यंत मी त्यांच्या उत्तराची वाट बघत होते, आता त्या माझ्या.

"जे ऐकलं ते," मी म्हणाले. "आधी मुलीला."

त्यांनी मान हलवली. आम्ही कमान न ठरवताच बाहेर पडलो. मालकीणबाई मागून "भाभी, फायनल क्या करना है?" म्हणत होत्या. विहीणबाई अंबरनाथला उतरल्या. उतरताना त्यांनी माझा हात धरला आणि सोडला. तो हात प्रेमाचा होता की भीतीचा, ते मला कळलं नाही.

मुलगी लॅबमधल्या नोकरीवरून घरी आली तेव्हा हे अजून शिफ्टवरून आले नव्हते. तिने चप्पलही काढली नव्हती, तेवढ्यात मी ओट्यापाशी उभं राहून तिला सगळं सांगितलं. नोकरीचंही. सांगताना तिच्याकडेच बघत होते. तिने पाण्याचा तांब्या उचलला, प्याली, खाली ठेवला.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "हे नव्हतं माहीत."

ती दाराशी जाऊन चप्पल ठेवून आली. मग तिने फोन काढला.

"त्याला बोलावते. इथेच, आपल्या घरी. तू समोर बस."

"मी कशाला?"

"बस गं," ती म्हणाली. "तुला दिसतं."