फळ्यावरचं जेरुसलेम

माझ्याच विद्यार्थिनीचा मला हेवा वाटला, तोही धर्मयुद्धांवरून. लिहायला लाज वाटते, पण आता निवृत्तीला आलेय, खोटं कुणासाठी बोलू?

मीरा रोडच्या आमच्या शाळेत नववीला धर्मयुद्धं शिकवायची ती मीच. पुस्तकात जेमतेम दीड पान. पण मी रंगीत खडूंनी अख्खा फळाभर नकाशा काढायचे. डावीकडे युरोप, तिथून निघालेले ख्रिस्ती फौजांचे लाल बाण, समोरून मुस्लिम फौजांचे हिरवे, आणि सगळे जाऊन भिडायचे ते जेरुसलेमला. मुलं तो वहीत उतरवून घ्यायची. माझ्या नोकरीत मिरवण्यासारखं तेवढंच होतं.

मग ती आली. वीस वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायची. आता उत्तनजवळच्या डोंगरीहून बसने येऊन नववीच्या दुसऱ्या तुकडीला इतिहास शिकवू लागली. मोठा फळा एकाच खोलीत, त्यामुळे माझा तास संपला की तिचा तिथेच. एकदा चष्मा विसरला म्हणून परत गेले आणि दारातच थबकले. ती मुलांना विचारत होती, "पोप म्हणतोय, जो लढायला जाईल त्याची सगळी पापं माफ. कोण कोण जातंय?"

"चालत जायचं, टीचर?"

"आणि जो घरी थांबला, त्याच्या पापांचं काय?" दुसऱ्या एकाने विचारलं.

"मेरी अम्मी तो जानेही नहीं देगी," पूनम सागर भागातली एक मुलगी म्हणाली. उत्तनच्या ख्रिस्ती मुली म्हणाल्या, आमची मम्मी पण नाही सोडणार.

मग जेरुसलेम पडल्यावर तिथल्या घरांतल्या माणसांचं काय झालं, ते तिने सांगितलं. माझ्या तासाला मुलं लिहायची, तिच्या तासाला ऐकायची. मी चष्मा न घेताच परत फिरले.

त्या वर्षी संस्थेने पाहुण्यांसमोर आदर्श पाठ ठरवला. विषय धर्मयुद्धं, आणि मान तिला. मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "ती ख्रिस्ती, त्यांचाच धर्म, तिला सोपंच जाणार."

"मग तू इतकी वर्षं कुठल्या धर्मावर शिकवत होतीस?" तो म्हणाला. मी रात्रभर त्याच्याशी बोलले नाही.

पाठाच्या दिवशी आधीचा तास माझा होता. नकाशा काढून झाला होता. ती दारात येऊन म्हणाली, "बाई, आज पुसू नका ना. मी त्याच्यावरच शिकवते."

"अगं, पुढच्याला फळा स्वच्छ द्यायचा, मीच शिकवलंय ना तुला?" असं म्हणून मी ओल्या फडक्याने फळा पार लख्ख केला.

पाहुणे आले. मी त्यांच्याशेजारी शेवटच्या बाकावर बसले. ती आठवणीतून नकाशा काढू लागली. लाल बाण, हिरवे बाण, हुबेहूब माझा. तिने जेरुसलेमवर ठिपका दिला आणि एका पाहुण्यांनी विचारलं, "मॅडम, जेरुसलेम समुद्राला लागून आहे का?"

तो ठिपका माझा होता. आमच्या शाळेत फळ्याच्या उजव्या कडेला उभी रेघ मारून तारीख, पट, हजर असं रोज लिहायचं असतं. जेरुसलेम नेमकं त्या रेघेपलीकडे जायचं. म्हणून एका वर्षी, तेवढ्यापुरतं, मी ते डावीकडे किनाऱ्यावर सरकवलं, आणि ते तिथेच राहिलं. कित्येक वर्षांच्या मुलांच्या वह्यांत ते तसंच गेलं. तिच्याही.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी उठून सांगायला हवं होतं. मी घड्याळाशी चाळा करत बसले.

"चूक माझी, सर," ती म्हणाली. गडबडीत घरची बोली तोंडात आली. "न्हाय, किनाऱ्यावर न्हाय, आत हाय ते."

मग तिने डस्टर उचललं. तारीख पुसली, पट पुसला, हजर पुसलं, ती उभी रेघही पुसली, आणि त्या जागी जेरुसलेम काढलं. ती रेघ पुसता येते, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

शेवटी सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. पण 'चूक माझी' असं ती म्हणाली, तेव्हा मला तिचा जेवढा हेवा वाटला, तेवढा त्याआधी कधी वाटला नव्हता.