हवेतून येणारी वीज

नातवंडांनो, तुमचा फोन वायर न जोडता नुसता चकतीवर ठेवला की चार्ज होतो, असं परवा तुम्ही सांगितलंत, म्हणून हे लिहिते. माझ्या लहानपणी सोलापुरात आमच्याकडे एक वायरमन यायचा. त्याचा वायरीवरच विश्वास नव्हता. काम सांगितलं की तो आधी भिंत कुरवाळायचा.

"वैनी, हिला भोकं कशापायी? रेडिओ तारेबिगर बोलतोय, उद्या करंट बी तसाच येतोय की."

चैत्रातल्या हळदीकुंकवाला माजघरात विजेचा दिवा हवा, असा आईचा हट्ट होता. त्यानं बल्ब टांगला, बटण बसवलं. वायर मात्र ओढेना. बायका यायची वेळ झाली, तरी हा ओसरीवर आंब्याच्या डाळीची वाट बघत बसलेला.

आईनं त्याच्यापुढे रिकामी ताटली ठेवली. "डाळ हवेतून येतेय. जरा दम धरा."

त्यानं ताटली बाजूला सारली. "लई टोचून बोलता, वैनी," म्हणाला आणि उठून कामाला लागला. प्रत्येक खिळा ठोकताना भिंतीला समजावत होता, "थोड्या दिसांपुरतंच हाय."

बायका आल्या तेव्हा माजघरात उजेड होता. वायरीखाली त्यानं ठोकलेल्या लाकडी पट्ट्या अजून त्या भिंतीवर आहेत.