शेवटची सुई

माझ्या सख्ख्या भावाने मला फसवलं. गिधाडांना विष मी घातलं नाही हे त्याला माहीत होतं, आणि गावकीसमोर तो खोटं बोलला. पुढचं सगळं या एका गोष्टीतून झालं.

गाव सोडलं त्या सकाळी मी गडबच्या स्टॉपवर एसटीची वाट बघत उभी होते. एक ट्रंक आणि गोणपाटात गुंडाळलेला वजनाचा काटा, एवढंच सामान. वडखळच्या बाजाराला निघालेल्या गावातल्या चार बाया आल्या आणि मला बघून रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या बाजूला ऊन होतं, माझ्या बाजूला सावली. मग दादा लुनावरून आला, हँडलला औषधांची पिशवी. मला वाटलं, थांबेल. खड्डा आला की करतात तसा त्याने वेग कमी केला, आणि गेला.

लांब माळावरची सावर, गिधाडांचं बसायचं झाड, दिसत होती. तिच्यावर एकही पक्षी नव्हता.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितेय, आणि माझ्यासारखं गावातून निघालेल्यांसाठीही. गावाचं नाव घालत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मला रोह्याला दिली होती. नवरा कंपनीत शिफ्टला जायचा. एका सेकंड शिफ्टनंतर तो दुसऱ्याच घरी गेला आणि तिथेच राहिला. मी माहेरी परत आले. आई होती, दादाने घरात घेतलं, ते मी नाकारत नाही. पण भावाच्या ताटातला भात लवकर पोट भरतो. त्या वर्षी आमची म्हैस मेली. रीतीप्रमाणे माळावर नेऊन टाकली, गिधाडांनी अर्ध्या दिवसात साफ केली. पुढे खताच्या कारखान्याला हाडं विकणारा टेम्पोवाला आला आणि हाडं उचलायला लागला. मी टेम्पोपुढे उभी राहिले.

“म्हैस आमची. फुकट नेतोस काय रं?”

“बाई, हाडं विकनार काय तुमी?” तो हसला.

“तू विकतोस त्याची तुला लाज नाय, मना कशाला वाटंल?”

त्या दिवसापासून मी हाडांचा धंदा केला. आसपासच्या गावांत ढोर मेलं की मालकाशी बोलायचं, कातडं निघालं की माळावर न्यायचं, पक्ष्यांनी साफ केलं की हाडं उन्हात सुकवून रचायची. गाव मला हाडकी म्हणायला लागलं. “हाडकी आली गो, पदर सावरा,” असं विहिरीवर चालायचं. मी म्हणायचे, सावरा, तुमची पण हाडं एक दिवस मोकळीच होनार हायत. तोंडाला मी कधी हटले नाही.

खरं काम पक्षी करायचे. ढोर पडलं की आधी आभाळात एक ठिपका दिसायचा, मग दहा, मग माळावर सुपं पाखडल्यासारखा पंखांचा आवाज. आई म्हणायची, “कावळा पितरांचा, गिधाड ढोरांचा. दोघांना उपाशी ठेवू नये.” माझ्या धंद्याची तिला लाज वाटायची, पक्ष्यांची कधी वाटली नाही.

टेम्पोवाला माल घेताना हाड फळीवर आपटायचा. कोरडं हाड टणकन वाजतं. माझं वाजायचं, म्हणून माझ्या मालाला तो नाव ठेवू शकत नव्हता. मग एका उन्हाळ्यात त्याने हाड आपटलं आणि थप्प आवाज आला.

“यमुनाबाय, ओलं हाय.”

मी त्याची आईबहीण काढली. दुसरं आपट म्हटलं. तेही थप्प. तिसरं मी स्वतः आपटलं. सांध्याला मांस होतं, त्यात किडे. भाव पाडण्यासाठी त्याने शंभर वेळा खोटं सांगितलं होतं, त्या दिवशी तो खरं बोलत होता. मी मान वर करून सावरीकडे बघितलं. एवढे दिवस मी खालीच बघत होते.

पक्षी फांद्यांवर होते, पण माना छातीवर पडलेल्या. पडवीत पेंगणाऱ्या म्हाताऱ्यांसारखे बसलेले. दगड मारला तरी हलेनात. दोन दिवसांनी एक पडला. ओली गोणी टाकावी तसा आवाज. मग रोज एखाद-दुसरा.

आता सुईचं सांगते. पूर्वी बैल मरायला टेकला की त्याच्या तोंडात गुळाचा खडा ठेवायचे, पाणी पाजायचे, घरातलं माणूस गळ्यावर हात फिरवत बसायचं. दादा रोह्याला गुरांच्या एका डॉक्टरकडे मदतीला होता. तिथे सुई मारायला शिकून तो गावात आला आणि गाव त्यालाच डॉक्टर म्हणू लागलं. सुजेची, तापाची ती सुई त्याने मरणाऱ्या ढोरालाही द्यायला सुरुवात केली. कण्हणारं ढोर शांत व्हायचं. लोक डोळे पुसत म्हणायचे, “सुखान गेला.” बघता बघता ती रीतच झाली. सुई न देता ढोर मेलं तर शेजारी विचारायचे, “सुईला पन महाग झाला व्हता काय?” लोकांनी ते मायेनेच केलं, हे विसरू नका.

माझा बांड्या बैल पाय मोडून पडला तेव्हा सुई मीच मागितली. “एक पुरंल काय रं दादा? दोन मार,” म्हटलं. मिठाच्या पुडीसाठी दुकानदाराशी भांडणारी मी, त्या दिवशी घासाघीस केली नाही. बांड्याला मीच माळावर नेला. त्याच्यावर उतरलेल्यांतला एकही पक्षी नंतर मी उडताना बघितला नाही.

हे जोडलं ते मी नाही, हशाआबाने. म्हातारा जन्मभर माळावर गुरं राखणारा. म्हणाला, “यमे, गूळ खाल्लेल्या ढोरावरचा पक्षी परत येत व्हता. सुई खाल्लेल्यावरचा येत नाय.” मी हसले. जेवताना दादाला सांगितलं. त्याचा हात ताटात थांबला. “म्हातारा येडा झालाय,” तो म्हणाला आणि पुढचा घास न घेता उठला. सुई बंद झाली तर त्याचं डॉक्टरपण बंद होणार होतं.

तोवर माळ सडला होता. एकेक ढोर पंधरा पंधरा दिवस पडून राहायचं. वास मारायला मी चुना टाकायचे. कुत्री कुठून आली कळलं नाही, पण आली आणि वाढली. आधी ती माणूस बघून पळायची, मग उभी राहून बघायला लागली, मग मागे यायला लागली. त्यांनी दोन शेळ्या फाडल्या. रानातून येणाऱ्या एका बाईची पोटरी धरली. आणि गावात बोललं जाऊ लागलं की यमी हाडांवर पांढरी पावडर टाकते, पक्षी तिनेच मारले. सुरुवात कोणी केली माहीत नाही. ती कोणाच्या सोयीची होती ते माहीत आहे.

मारुतीच्या देवळात गावकी बसली. मला बाहेर पायरीवर उभं केलं.

“ती पावडर कसली?”

“चुना. दादान पेनवरनं आनलाय, लुनावर घालून. इचारा त्याला.”

सगळे दादाकडे वळले. तो बसल्या चटईची काडी उपटत होता. “मना काय ठावं नाय,” तो म्हणाला.

माझं डोकं फिरलं. घरी जाऊन त्याच गोणीतला चुना आणला, सगळ्यांसमोर पानाला चांगला बोटभर फासला आणि खाल्ला. जीभ सोलून निघाली. मागून कोणीतरी म्हणालं, “हडळीला कसलं इष लागतंय.” लोक हसले. दादा हसला नाही, एवढं त्याच्या बाजूने लिहिते.

मला वाळीत टाकलं. गिरणीवाला दळण घेईना, विहिरीवर पोहरा मिळेना. बोलणाऱ्यालाही दंड. हशाआबा तेवढा माझ्या वाटेवर शेळी घेऊन यायचा आणि शेळीशी बोलायचा. “सांग गो तिला, आज सावरीवर दोनच हायत.” मग एक दिवस, “सांग गो, आज कोन नाय.” त्या आठवड्यात मी निघाले. आई दारात आली नाही. घरातूनच म्हणाली, “जिथं जाशील तिथं तोंड सांभाळ.”

तोंड मी सांभाळलं नाही, त्याच्यावरच पोट भरलं. गुजरातेत वापीला आले, दुसऱ्याच्या गाळ्यावर भंगार निवडलं, आज गाळा माझा आहे. इथे मी यमुनाबेन. “भाव बराबर करो, बेन,” म्हणत मोठमोठे शेठ खुर्ची ओढून बसतात. केमिकलच्या वासाने आभाळ पिवळं असतं, वर फक्त घारी. ड्रम ठोकून मी सांगते आत काय होतं. ठोकून बघायची ती सवय त्या हाडांनी लावली.

गाव सोडून बरीच वर्षं झाल्यावर रद्दीच्या गठ्ठ्यात एका मराठी पेपरावर फोटो दिसला. फांदीवर गिधाड, मान छातीवर. खाली लिहिलं होतं की सुजेचं अमुक औषध दिलेलं ढोर खाल्लं की या पक्ष्यांची मूत्रपिंडं जातात, आणि सरकारने ते औषध गुरांना द्यायला बंदी केलीय. औषधाचं नाव वाचलं. दादाच्या पिशवीतल्या बाटल्यांवर तेच असायचं. गिऱ्हाईक समोर उभं होतं. मी त्याला पहिल्यांदा आणि शेवटचं, तो म्हणेल त्या भावात माल दिला.

कात्रण मी दादाला पोस्टाने पाठवलं. उत्तर आलं नाही. हशाआबा तोवर गेला होता, आईही गेली होती. आईचं मला कळवलं ते दहावं झाल्यावर.

आता या आठवड्यात दादाच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आलीय. निमंत्रकांत माझं नाव छापलंय, सौभाग्यवती लावून. पत्रिकेत चिठ्ठी नाही. गावचे लोक इथे कामाला येतात, त्यांच्याकडून कळतं की कुत्र्यांच्या भीतीने पोरांना अजून काठी घेऊन शाळेत सोडतात, आणि लहान पोरांना गिधाड चित्रात दाखवावं लागतं. मला कोणी विचारलं, तुझं घर कुठे, तर माझ्या डोळ्यांपुढे आमचा दरवाजा येत नाही. ती रिकामी सावर येते.

दादा, मी येईन. पण हळदीला सगळा गाव तुझ्या मांडवात असेल, तेव्हा तू उभा राहा आणि सांग, चुना मी आणला होता. एवढं माझं. पक्ष्यांचं उत्तर आपण दोघांनी द्यायचं. सुई मारणारा तू, मागणारी मी, आणि तेव्हा आपल्याला कोणालाच कळत नव्हतं, हे मी तुझ्या शेजारी उभी राहून सांगेन. पण आबाने सांगितल्यावर तुझा हात ताटात थांबला होता. त्यानंतर किती ढोरांना सुई दिलीस, ते मात्र तुला एकट्याला सांगावं लागेल. मी पायरीवर उभी राहून ऐकेन.