मुंगसाचं बीळ बुजवलं तेव्हा
ओल्या सिमेंटचा वास आला की मूर्तिजापूरची ती दुपार आठवते. कोंबड्या पळवणाऱ्या मुंगसाचं परसातल्या खुराड्याखालचं बीळ सासऱ्यांनी सकाळीच बुजवलं होतं. दुपारी मुंगसाची मादी आली आणि ओलं सिमेंट वेड्यासारखी उकरू लागली. आतून बारीक चिरचिर ऐकू येत होती. "अवो, आत पिल्लं हायेत! काहून बुजवलं तुमी?" सासूबाई ओरडल्या. सासऱ्यांनी धावत सब्बल आणून भोक मोकळं केलं. आम्ही दाराआडून पाहत राहिलो. तिनं एकेक पिल्लू तोंडात धरून कुंपणापलीकडे नेलं, पण नंतरही ती पुन्हा पुन्हा येऊन बिळात शिरत होती. एखादं आत राहिलं होतं का, ते कळलंच नाही. आजही घराला कुलूप लावून निघाले, की मी परत दार उघडून आत पाहते.