आंब्याची गरम पाण्याची आंघोळ

इवायानं रसाची वाटी नाकाजवळ नेली, वास घेतला, वाटी खाली ठेवली आणि भरल्या पंगतीत म्हणाला, "इवाईबुवा, पुढच्या साली तुमी नुसत्या पोळ्या करा. रसाचा डबा मी घेऊन येतो. दुकानात भेटते."

इवाई म्हणजे माझ्या लेकीचा सासरा, रिठदचा. माणूस वाईट नाही, तोंड वाईट आहे. पंगत हसली. माझा जावईही हसला आणि लगेच पाणी प्यायला लागला. मी हातात पळी घेऊन उभा होतो. त्या पळीचं काय करावं हे मला सुचेना, म्हणून मी इवायाच्याच वाटीत आणखी रस ओतला.

डब्यातला रस! आमच्या शेताच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, गावरान आंबा माझ्या बापाच्या आधीपासून उभा आहे. त्याचा रस खायला पाहुणे शेलूबाजारहून जीप करून यायचे आणि परत जाताना बसायला जागा पुरायची नाही, इतकं खायचे. त्या झाडाच्या मालकाला डबा?

आता रस आंबूस होता, हे खरं. पण ते मी इथं लिहितो आहे, तोंडानं कधी बोललो नाही आणि बोलणार नाही. दोन-तीन सालांपासून त्या आंब्याला काहीतरी खोड लागली होती. झाडावर फळ हिरवंगार, देखणं. गव्हांड्यात, म्हणजे गव्हाच्या काडात, पिकू घातलं की देठाजवळ काळा डाग पडायचा आणि तो खाली उतरत जायचा, वरून तेल सांडल्यासारखा. मी आधी गव्हांड्याला दोष दिला. मग गावात नवा मोबाइलचा टॉवर झाला होता, त्याला दिला.

"टावर काय आंब्याले फोन करते काय?" बुढी म्हणाली. बुढी म्हणजे माझी बायको. मी तिला बुढी म्हणतो, ती मला बुढा म्हणते, आणि आपण स्वतः तसे नाही असं दोघांनाही वाटतं.

इकडे लेकीचा फोन आला की एकच गोष्ट. "बाबा, मामंजी रोज डब्याचं काढतात. काल तं भाजीत मीठ कमी पडलं, तरी म्हणाले माहेरचा रस आठवला. यंदा काहीतरी करा हो."

पोरीचं ऐकून माझा जीव तुटला. म्हणून कृषी खात्याची मॅडम गावात संत्र्याच्या रोगाचं सांगायला आली, तेव्हा मी पिशवीत एक काळा पडलेला आंबा घेऊन गेलो. सगळे उठल्यावर तिच्यापुढं धरला आणि म्हणालो, "हा आंबा आमच्या शेजाऱ्याचा हाय. त्याले लाज वाटते, म्हणून मी आनला."

शेजारी माझ्या मागंच उभा होता. "माह्या वावरात आंब्याचं झाड कधी लावलं बे तू?" तो म्हणाला.

मॅडम शहाणी होती. तिनं आमच्याकडं न बघता आंब्याकडं बघितलं. म्हणाली, "आजोबा, हा रोग झाडावरच लागतो. फळात झोपून राहतो आणि आंबा पिकायला लागला की उठतो. फळं देठासकट तोडा, खाली आपटू देऊ नका. लगेच गरम पाण्यात थोडा वेळ बुडवा, सावलीत सुकवा आणि एकेरी थर लावून पिकू घाला." पाणी किती गरम तेही तिनं डिग्रीत सांगितलं, पण ते मी मनावर घेतलं नाही. पाणी गरम आहे की नाही हे मला माझा हात सांगतो.

"शेजाऱ्याले सांगतो," मी म्हणालो.

घरी येताना शेजारी म्हणाला, "आंब्याले आंघोळ घाल. साबन लाव. पावडर लाव. काजळाची तीटही लाव."

मे महिन्यात आंबा पाडाला लागला. बांबूला जाळी बांधून मी एकेक फळ देठासकट उतरवलं. अर्ध्या आंब्यांना आंघोळ घालायची आणि अर्धे आपल्या जुन्या पद्धतीनं तसेच पिकू घालायचे, असं मी ठरवलं. त्या कालच्या पोरीएवढ्या मॅडमच्या सांगण्यावर सगळीच्या सगळी इज्जत लावणं मला बरं वाटलं नाही.

लग्नाच्या स्वयंपाकाचं मोठं पातेलं, आमच्याकडचा गंज, काढला. तो गॅसवर ठेवायला गेलो, तर बुढी आडवी आली. "आंब्याच्या आंघोळीसाठी गॅस जाळता? बाहीर जा."

मग मी अंगणात, दारासमोर, तीन दगड मांडले, त्यावर गंज चढवला आणि खाली कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या. आमच्या वाशिमच्या उन्हाळ्यात नळाचं पाणीसुद्धा चटका देतं. अशा दिवसांत भरदुपारी अंगणात तीन दगडांवर माणसं पाणी तापवतात ते एकाच कामासाठी, आणि त्या पाण्यानं ज्याला आंघोळ घालतात तो उठून अंग पुसत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझं ध्यान आंब्यावर होतं.

पहिल्या घाण्याला मी पाण्यात हात घालून पाहिला. कोमट लागलं. आणखी जाळ केला. पुन्हा कोमट. शेवटी आंबे टाकले आणि काढले, तर सालं हातात आली. बुढीनं बोट बुडवलं आणि किंचाळली.

"अवो, यात दाळ शिजंल! तुमचा हात हाय का वखराची लोखंडी पास?"

शिजलेल्या आंब्यांचं तिनं पन्हं करायला घेतलं. पुढच्या घाण्यांना बोट तिचंच. तिचं बोट पाण्यात गेलं आणि तिनं नुसतं "स्स" केलं की पाणी बरोबर. "माय वं" म्हणाली की जास्त. पऱ्हाट्यांचा धूर नेमका तिच्या तोंडावर. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. शेवटी ती डोक्यावरून पदर ओढून, त्याचं टोक डोळ्यांना लावून उंबऱ्यावर बसली.

न्हालेले आंबे मी ओसरीवर गव्हांडा पसरून त्यावर मांडले. ओसरी अरुंद, त्यामुळं बिछाना लांबट झाला. मॅडमनं एकेरी थर सांगितला होता, पण जागा संपल्यावर मधे जरा ढीग झाला. माशा बसू नयेत म्हणून वरून माझं धुतलेलं पांढरं धोतर या टोकापासून त्या टोकापर्यंत झाकलं. मग आणखी पऱ्हाट्या आणायला घरामागं गोठ्यात गेलो. तिथं सावली होती. जरा टेकलो. डोळा लागला.

त्याच वेळी शेजाऱ्यानं भिंतीवरून डोकावलं. त्याला दिसलं ते असं. अंगणात तीन दगड, त्यावर मोठा गंज, पाण्याला वाफा. उंबऱ्यावर बुढी, पदर डोळ्यांना. ओसरीवर माणसाएवढं काहीतरी लांब, गव्हांड्यावर ठेवलेलं, पांढऱ्या धोतरानं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेलं. मी कुठं नाही.

नंतर तो मला म्हणाला, "मधातला ढीग पाह्यला आन् मले पक्कं वाटलं. पोट हुबेहूब तुहं."

मला जाग आली ती रडण्याच्या आवाजानं. गोठ्यातून पऱ्हाट्यांची मोळी घेऊन पुढं आलो, तर अंगण माणसांनी भरलेलं. एक जण बांबू तासत होता. शेजाऱ्याची बायको बुढीच्या गळ्यात पडून रडत होती, आणि बुढीही हंबरडा फोडून रडत होती, कारण तिला वाटलं त्यांच्याच घरचं कोणी गेलं. सगळ्यांत मोठ्यानं शेजारी रडत होता.

"कोन गेलं?" मी विचारलं.

"तू," शेजारी म्हणाला आणि पुढचं रडणं त्याच्या घशातच राहिलं.

बांबू तासणारानं कोयता खाली टाकला. एकानं येऊन माझा दंड दाबून पाहिला. एवढी माणसं उन्हातून आली होती, त्यांना तसंच कसं पाठवायचं, म्हणून बुढीनं शिजलेल्या आंब्यांचं पन्हं सगळ्यांना दिलं. माझ्यासाठी कोण कोण रडलं हे मी तेवढ्यात बघून घेतलं. दोघं-तिघं कोरड्या डोळ्यांचे होते. ते मी लक्षात ठेवले आहेत.

पण शेजाऱ्यानं रिठदला फोन करून टाकला होता. मी घाईनं लेकीला लावला. माझा आवाज ऐकून ती आधी रडली, मग हसली, मग रागावली. म्हणाली, "आमी मोटरसायकल काढूनच राह्यलो होतो. पन मामंजी आन् आत्याबाई कवाचे जीपनं निघाले. मामंजीचा फोन इथीच चार्जिंगले लावेल हाय."

"येऊ दे," मी म्हणालो.

जीपचा आवाज आला तशी सगळ्यांनी पन्ह्याचे गिलास पाठीमागं लपवले. मी ओसरीच्या दारामागं जाऊन उभा राहिलो. बुढी म्हणाली, "असं करू नोका, बरं नाई दिसत." मी म्हणालो, "दोन मिनिटं गप राह्य. मले ऐकू दे."

इवाई खांद्यावर टॉवेल टाकून खाली उतरला. मागून इहीन, म्हणजे त्याची बायको, डोक्यावर टोपलं घेऊन. इवायानं धोतराकडं बघून हात जोडले आणि डोक्याच्या बाजूला बसला. तो जे बोलला ते दारामागून मी स्वतः ऐकलं.

"मानूस हट्टी होता," तो म्हणाला. "कोनाचं ऐकलं नाई कधी. पन आंबा? आंबा त्याचा एक नंबर. असा रस रिठदात नाई, वाशिमात नाई. गेल्या साली मी उगाच बोललो हो. जीभ झडो माही."

मी दारामागून बाहेर आलो. "काय म्हनले इवाईबुवा? जरा मोठ्यानं म्हना, मागच्यायले ऐकू नाई आलं."

इहिणीनं "माय!" म्हणून टोपलं सोडलं, ते शेजाऱ्यानं झेललं. इवायानं माझ्याकडं बघितलं, धोतराकडं बघितलं, धोतराचं टोक उचललं. खालून आंबे. तो काही दचकला-बिचकला नाही. टोक नीट खाली ठेवलं, टॉवेलनं डोळे पुसले आणि म्हणाला, "मेल्या मानसाबद्दल चांगलंच बोला लागते. तुमी जित्ते हा, तं मी ते वापस घेतो."

"असं वापस घेता येत नाई. गाव साक्षीले हाय."

"गावानं पन्हं पेलं तुमचं. त्याची साक्ष चालत नाई."

इहिणीच्या टोपल्यात पिठलं-भाकर होती. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून सोयऱ्यांनी कडू घास आणायचा असतो, तो तिनं निघण्याआधी घाईघाईत रांधला होता. तो आम्ही सगळ्यांनी बसून खाल्ला. स्वतःच्या कडू घासाचं पिठलं खाल्लेला माणूस आमच्या तालुक्यात मी एकटाच असेन. मीठ कमी होतं. मी तसं सांगितलं.

"तुमी घाईत मेले, तं पिठलंही घाईतच होईन ना," इहीन म्हणाली.

जीपमधे बसताना इवाई म्हणाला, "आंबा पिकला की येतो. डबा घेऊनच येतो."

त्यानंतर मी आंब्यांपाशी बसूनच राहिलो. सकाळी उठलो की गव्हांडा बाजूला करून एकेकाचा देठ बघायचा. जुन्या पद्धतीचे आंबे दुसऱ्या खोलीत होते. ते पिकू लागले आणि देठापासून काळे पडत गेले, अगदी गेल्या सालासारखे. ते मी बुढी झोपलेली असताना म्हशीला घातले. म्हशीनं तक्रार केली नाही. न्हालेल्यांत एखाद-दुसरा डागाचा निघाला, तो काढून टाकला. बाकीचे असे पिवळे झाले की वासानं शेजारी भिंतीवरून पुन्हा डोकवायला लागला.

"कोनी मेलं नाई," मी त्याला ओरडून सांगितलं.

इवाई आला. पिशवीतून डबा काढला आणि ताटाच्या शेजारी ठेवला, पाण्याचा तांब्या ठेवावा तसा. लेक दाराआडून बघत होती. जावयानं यावेळी आधीच पाणी पिऊन घेतलं होतं. मी वाटी भरली. इवायानं ती नाकाजवळ नेली. बराच वेळ तिथंच ठेवली. पंगतीत कोणी पोळी मोडेना.

मग त्यानं वाटी तोंडाला लावली. रिकामी केली. मी भरली. त्यानं पुन्हा रिकामी केली आणि पोळीच्या तुकड्यानं कडेनं पुसून घेतली. मी भरत राहिलो, तो पुसत राहिला.

"कसा काय?" शेवटी मीच विचारलं.

"ऊन लय हाय आज," तो म्हणाला.

"मी रसाचं इचारून राह्यलो."

"ते तुमी मेल्यावर सांगीन. तसंही एकदा सांगतलंच हाय."

पंगत हसली. लेक तर पदर तोंडात कोंबून हसली. माझ्या हातात पळी होतीच, यावेळी तिचं काय करायचं ते मला माहीत होतं.

नंतर कृषीवाली मॅडम रस्त्यात भेटली, तेव्हा तिला सांगितलं, शेजाऱ्याचा आंबा बरा झाला.

रसाच्या पंगतीच्या दिवशी निघताना मात्र इवाई डबा हळूच पिशवीत टाकायला लागला. मी तो काढून घेतला. म्हणालो, "हा इथीच राहीन, आमच्या फळीवर. तुमच्या तेरवीच्या जेवनाले फोडतो."

इवायानं डबा माझ्या हातातून घेतला, उलटा केला, लांब धरला, डोळे बारीक करून खालची मुदत वाचली आणि मला परत दिला.

"तवालोक खराब होऊन जाईन," तो म्हणाला.