जस्ताची पेटी

अमेरिकेत रेडमंडला आमच्या खालच्या मजल्यावर एक वृद्ध बाई एकट्याच राहायच्या. मूळच्या मॉस्कोच्या. माझी मुलगी त्यांना आजीच म्हणायची.

शीतयुद्ध का संपलं, यावर मुलीला शाळेत निबंध लिहायचा होता. मी सांगितलं, सोव्हिएत रशियाला शस्त्रांचा खर्च झेपेना, तेलाचे भाव पडले, दुकानं रिकामी झाली. तिने ते टाइप केलं आणि म्हणाली, "बाबा, आजींना विचारू या ना. शी वॉज देअर."

आजींनी आम्हाला चहा दिला आणि मोडक्या इंग्रजीत सांगू लागल्या.

"माझा धाकटा भाऊ अफगाणिस्तानात लढायला गेला. जस्ताच्या पेटीतून परत आला. झाकण कथलाचा डाग देऊन पक्कं बंद केलेलं. अधिकारी म्हणाला, उघडायचं नाही, आणि कुठे मेला ते थडग्यावर लिहायचं नाही. आई विचारत राहिली, आत माझाच मुलगा आहे कशावरून? त्याने सहीसाठी कागद पुढे केला. आई कम्युनिस्ट पक्षाची कट्टर कार्यकर्ती. त्या दिवशी तिने भिंतीवरचा नेत्याचा फोटो उतरवला. अशी किती घरं असतील! पुढे सगळं कोसळायला लागलं, तेव्हा ते सावरायला आमच्या गल्लीतून कुणी बाहेर पडलंच नाही. बाकीची कारणं तुझ्या बाबांना ठाऊक."

"बट इट एन्डेड. दॅट्स गुड, राइट?" मुलीने विचारलं.

"चांगलंच झालं. वाटलं, आता आमच्या घरात पुन्हा पेटी येणार नाही." त्यांनी कप खाली ठेवला. त्यांची बहीण लग्न होऊन कीव्हला गेलेली. तिचा नातू नुकताच रशियाविरुद्ध लढताना गेला होता. "मी फोन केला, तर म्हणाली, त्या भाषेत माझ्याशी बोलू नकोस. अगं, ती आपल्या आईची भाषा, म्हटलं. तिने फोन ठेवला."

मुलगी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली.

आजी त्यानंतरही बहिणीला फोन लावत राहिल्या. ती उचलत नसे. गेल्या हिवाळ्यात आजी झोपेतच गेल्या. पेनसिल्व्हेनियाहून आलेला त्यांचा मुलगा मला म्हणाला, "मावशी माझाही फोन घेत नाही. तुम्हीच तिला कळवाल का?"

मी इंग्रजीत मेसेज पाठवला. तिने तो वाचल्याचं दिसलं. उत्तर आलं नाही.