तेसूच्या आईचं चौथं मरण

गिल तेसू सिनेमे काढतो हे कोरियातल्या मोक्पो बंदराच्या अख्ख्या मासळीबाजाराला ठाऊक होतं. बघितला मात्र एकानेही नव्हता. लिहायचा तोच, दिग्दर्शनही त्याचंच, आणि नट परवडत नसला की कामही तोच करायचा. आधीचे तिन्ही सिनेमे कुठल्याशा लहानशा थिएटरात चार दिवस धुगधुगी धरून उतरले. तिन्हींत शेवटी आई मरायची.

"मी काय वाकडं केलंय रे तुझं?" गाळ्यावर वाकटी मासळी साफ करता करता आई विचारायची. "एकदा तरी बापाला मार की!"

चौथ्यातही तीच मरणार होती. फोटोसाठी पैसे नव्हते, म्हणून आईने हौसेने आधीच काढून ठेवलेला स्वतःच्या अंत्यविधीत मांडायचा फोटोच त्याने मागून आणला. इस्पितळातलं अंत्यविधीचं दालन मिनतवाऱ्या करून संध्याकाळपर्यंत मिळालं होतं. रात्री तिथे खरं मयत येणार होतं. आज दृश्य झालं नाही तर सिनेमा बुडाला, आणि त्याच्यासोबत तेसूही.

आणि सांत्वनाला येणाऱ्यांची कामं करणारी मंडळीच आली नाहीत. दुसऱ्या एका शूटिंगवाल्याने त्यांना गोमांसाचं जेवण कबूल केलं होतं.

काळा सूट, दंडाला सुतकाची पट्टी अशा अवतारात तेसू फोटोशेजारी डोकं धरून बसला. "दादा, निदान तुम्हाला एकट्यालाच घेतो," असं म्हणून पुष्पचक्रांच्या आड बसलेल्या कॅमेरावाल्या चूने कॅमेरा सुरू केला.

तेवढ्यात दारात दोकसिम मावशी उभी! आईच्या शेजारचाच तिचा मासळीचा गाळा, पण दोघींचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. पलीकडच्या दालनात एका नावाड्याच्या मयताला ती आली होती. फोटो दिसला आणि तिच्या हातातली पिशवीच गळाली. नावाड्याच्या घरच्यांसाठी आणलेलं सांत्वनाच्या पैशांचं पाकीट तिने इथल्याच पेटीत टाकलं, फोटोपुढे कपाळ टेकून दोनदा नमस्कार केला आणि हंबरडा फोडला.

आता 'कट' म्हणावं की नाही? खरं सांगितलं तर दृश्य गेलं, नाही सांगितलं तर माणुसकी गेली. मावशी रीतीप्रमाणे त्याच्याकडे वळून वाकली. तोही वाकला, आणि वाकलेलाच राहिला. त्याच्यातला दिग्दर्शक जिंकला होता.

"तेसूच्या आई, मला माफ कर गं!" मावशी फोटोला म्हणाली. "तुझी वाकटी शिळी म्हणून मीच गिऱ्हाइकांना सांगत होते. ताजी असायची गं! माझ्यापेक्षा ताजी!"

"जरा मोठ्याने बोल," दारातून आवाज आला. "बाजारापर्यंत पोचू दे."

सगळ्यांसाठी किंबापचा, म्हणजे भाताच्या गुंडाळ्यांचा डबा घेऊन आई उभी होती. मावशी किंचाळली, तेसूच्या मागे लपली, आणि उलगडा झाल्यावर त्याच्याच पाठीत गुद्दे घालू लागली.

"मेल्या! जितीजागती आई असताना? लाज नाही वाटत?"

"मावशी, चुकलो. तू म्हणशील तर पुसून टाकतो सगळं," तेसू म्हणाला, आणि ते म्हणताना त्याचा जीव खरंच गेला.

मावशी नाक पुसत आईकडे बघायला लागली. आईने डबा उघडला.

"काही पुसायचं नाही," आई म्हणाली. "मेले तर मेले. पण ही ताजी वाकटी म्हणालीय ना, त्यातला एक शब्द कापलास तर बघ."

दोघी फोटोखालीच मांडी ठोकून खायला बसल्या. जरा वेळाने मावशी चाचरत म्हणाली, "अगं, ते पाकीट... नावाड्याचं होतं."

आईने पेटीतून पाकीट काढून तिच्या हातात कोंबलं. "घेऊन जा. मी खरी मरेन ना, तेव्हा रिकाम्या हाताने ये. रडणं मात्र एवढंच हवं."

मावशीने मान हलवली आणि आईच्या तोंडात एक घास भरवला.

तेसूला दिवसभरात रडू आलं ते तेव्हा, धाय मोकलून. चूकडे बघितलं, तर तो कॅमेरा बंद करून किंबाप खात बसला होता.